सोबत न येणाऱ्या काकू

माझं अक्षर चांगलं आहे, एवढ्या एका गुन्ह्यासाठी साउथहॅम्प्टनमधल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांचे फॉर्म माझ्याकडे येतात. पासपोर्टचे, कौन्सिलचे, ड्रायव्हिंग लायसन्सचे. रविवारी दुपारी मंडळी आमच्याकडे जमली की आई डायनिंग टेबलाचा एक कोपरा पुसून देते आणि मी लिहायला बसते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मी तिथे आहे हेच लोक विसरतात. फॉर्म पोस्टात जातात, किस्से माझ्याकडे राहतात. त्यातले निम्मे एकट्या दामले काकांच्या कॅनडाच्या फॉर्मचे!

दामले काका इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. काकू तिथेच एक्स-रे डिपार्टमेंटला. घरात दोघंच. वरची जागा निघाली की काकांना इंटरव्ह्यूला बोलावतात, हसून बोलतात आणि दुसऱ्याला घेतात. असं पाचदा झालं. मग कॅनडातल्या विनिपेगच्या एका हॉस्पिटलनं "या" म्हटलं आणि काका पर्मनंट रेसिडेन्सचा जाडजूड फॉर्म घेऊन आमच्याकडे आले.

•

मी आधी पेन्सिलनं भरते, मग शाईनं गिरवते. प्रश्न मी वाचायचा, उत्तर काकांनी द्यायचं, असं ठरलं.

"काका, तुम्हाला आजवर कुठे प्रवेश नाकारला गेलाय का?"

"देशात नाही. स्वयंपाकघरात, रोज."

आतून काकू म्हणाल्या, "कारणही लिही म्हणावं!"

•

पुढे भाषांचा रकाना होता. इंग्लिश बोलता येतं का, वाचता येतं का, लिहिता येतं का. काका प्रत्येकाला "उत्तम" म्हणत होते.

काकू पोह्यांची प्लेट ठेवायला आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या. "ऐकून घेता येतं का, असं कुठे विचारलेलं दिसत नाही."

"नाही, काकू."

"मग सुटले!"

•

चौथ्या पानावर कुटुंबातल्या माणसांची नावं लिहायची होती. प्रत्येकापुढे दोन चौकोन, 'सोबत येणार' आणि 'सोबत येणार नाही'. मी काकूंचं नाव लिहिलं आणि सवयीनं पहिल्या चौकोनाकडे पेन्सिल नेली.

"दुसरा," काकू म्हणाल्या.

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"अहो, मागच्या वेळी आले ना मी इथे तुमच्या मागोमाग?" काकू अगदी शांतपणे बोलत होत्या. "तीन वर्षं घरी बसले. पुन्हा परीक्षा दिल्या. आत्ता कुठे डिपार्टमेंट माझ्या हातात आलंय. तिकडे माझं सर्टिफिकेट चालत नाही, परत पहिलीपासून सुरुवात. तुम्ही जा. तुमचं बरोबर आहे. पण मी दुसऱ्या चौकोनात."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "अनघा, तेवढं पेन्सिलनंच राहू दे."

पुढचे दोन रविवार बाकी सगळा फॉर्म शाईत आणि तो एक चौकोन पेन्सिलीत होता. तिसऱ्या रविवारी काकूंनी माझ्या पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. काका तेव्हा बागेत जाऊन आमची टोमॅटोची रोपं मोजत होते. चारच होती. त्यांना बराच वेळ लागला.

•

मग नियम कळला की जो जाणार नाही, त्यालाही मेडिकल द्यावी लागते. नाहीतर पुढे कधी त्याला बोलावून घेता येत नाही.

"न जेवणाऱ्यानंही हात धुवायचे?" काकू म्हणाल्या. पण गेल्या. लंडनच्या क्लिनिकमध्ये छातीचा एक्स-रे काढणाऱ्या मुलाला काकूंनी आधी मशीनची उंची नीट करायला लावली. मग तो म्हणाला, "श्वास रोखा." हे वाक्य काकू स्वतः दिवसभर लोकांना सांगतात. त्या म्हणे इतक्या मनापासून ऐकत उभ्या राहिल्या की श्वास रोखायचा राहूनच गेला!

फिल्म दिव्यावर लावली तेव्हा काकाही डोकावले. "दगडबिगड काही दिसत नाही हिच्या छातीत. उगाच वीस वर्षं संशय घेतला."

•

व्हिसाच्या इंटरव्ह्यूला दोघांना एकत्र बोलावलं होतं. ऑफिसरनं काकांना लग्नाची तारीख विचारली. काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी सांगितली. इंग्लंडला कधी आलात? पुन्हा काकूंकडे. पासपोर्ट? तो काकूंच्या पर्समध्ये.

शेवटी ऑफिसरनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही येणार नाही हे मला समजलं. पण मग हे येणार कसे?"

घरी येऊन हा किस्सा काकांनी स्वतःच सांगितला. सगळे हसले. काकू हसल्या नाहीत, चहा गाळायला उठल्या.

•

व्हिसा आला. काकूंनी काकांना वरण-भात शिकवायला घेतलं, तोही आमच्याच स्वयंपाकघरात, कारण आईलाही बघायचं होतं. कुकर मात्र काकूंनी आपल्या घरून आणला.

"तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. एवढंच."

काका कुकरसमोर खुर्ची घेऊन बसले. हातात कागद. पहिली शिट्टी, वेळ लिहिली. दुसरी शिट्टी, वेळ लिहिली. मध्येच उठून त्यांनी गॅस जरा बारीक केला, मग जरा मोठा केला.

"अहो, त्याला बेशुद्ध करायचं नाहीये," काकू ओरडल्या, "शिजवायचंय!"

भात चांगला झाला. काकांनी दोनदा घेतला. काकूंनी मात्र पानातला तसाच ठेवला, आणि ते फक्त माझ्या लक्षात आलं.

•

काका गेले. जाताना काकूंनी तोच कुकर त्यांच्या सुटकेसमध्ये टॉवेलात गुंडाळून स्वतः भरला. महिन्याभरानं एका रविवारी आमच्याकडे जेवणं आटोपली होती, तेव्हा फोन वाजला. मी सगळ्यात जवळ होते, म्हणून मला उचलावा लागला.

"अनघा का? विनिपेगहून बोलतोय." काकांचा आवाज फार लांबून येत होता. "काकू आहे ना तिथे? तिला विचार, कुकरची शिट्टी कुठेय? सगळी बॅग उपसली. महिनाभर पातेल्यात भात करतोय, रोज खाली लागतो."

मी रिसीव्हरवर हात ठेवून काकूंना सांगितलं. त्या सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पर्स उघडली. आत, घराच्या किल्ल्यांशेजारी, रुमालात बांधलेली कुकरची शिट्टी होती. त्यांनी ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पर्स बंद केली.

"इथेही सापडत नाहीये म्हणून सांग."

मला खोटं बोलता येत नाही. तरी मी सांगितलं, "काका, इथेही सापडत नाहीये म्हणतात."



"बरं," काका म्हणाले. "तिला म्हणावं, इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते तशी शिट्टी. मी बघून आलोय. पण घेतली नाही म्हणावं."