हळदीकुंकवाचा पुरावा

पोलीस खात्यातल्या कित्येक केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. निवृत्तीनंतर सिंगापूरला, बिशान भागात मुलाच्या फ्लॅटवर राहत असताना हाती आलेली एक मात्र जशीच्या तशी लक्षात आहे.

खालच्या मजल्यावरची मराठी अकाउंटंट एका सकाळी कागद घेऊन आली. जानेवारीत ऑफिसात फ्लूची लस देताना क्लिनिकच्या नर्सने सुई दंडात न मारता फार वर, थेट खांद्यात मारली होती. तेव्हापासून उजवा हात वर जाईना. मुलीची वेणी घालता येईना. उपचार लांबणार होते आणि भरपाईचा दावा विमा कंपनीने फेटाळला होता. सुईची इजा दोन दिवसांत दुखू लागते, दाव्यात तर तीन आठवड्यांनंतरची तारीख आहे, असं त्यांचं म्हणणं.

“ही तारीख कुणी लिहिली?”

“मीच, काका. डॉक्टरकडे पहिल्यांदा गेले ती.”

“आणि दुखायला कधी लागलं?”

“त्याच संध्याकाळी. पण सुई म्हटली की दुखणारच ना? तेल चोळलं, शेकलं.”

अंगावर काढणारे फिर्यादी मी जन्मभर पाहिले. तरी मला रागच आला.

वही काढून जबाब घेतला. तारीख विचारली की माणूस अंदाजे सांगतो, काय करत होतात विचारलं की नेमकं सांगतो, हे ठाण्यात शिकलो होतो. लसीच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

“तेव्हा कुणाला बोललीस?”

“सणाला रडगाणं कशाला?”

पुढचे चार दिवस मी तिचा नवरा, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांची चौकशी केली. कुणालाच काही आठवेना. जेवताना मी वैतागून हे सांगितलं, तर आमची ही शांतपणे म्हणाली, “मला वाकायला लावलं होतं तिने. कुंकू लावायला हात पोचत नव्हता.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही मला विचारलंत कुठे?”

आमची ही चांगली उंच आहे. सुनेच्या मोबाइलमध्ये यंदाच्या आणि आदल्या वर्षीच्या हळदीकुंकवाचे व्हिडिओ सापडले. आदल्या संक्रांतीला शेजारीण टाचा उंचावून हिच्या कपाळाला सहज कुंकू लावते. यंदा तिचं कोपर अंगाला चिकटलेलं, आणि समोर येणारी प्रत्येक बाई वाकते आहे. तारीख मोबाइलमध्येच होती. तिच्या वकिलाने दोन्ही व्हिडिओ आणि हिचा लेखी जबाब पाठवला. कंपनीने दावा मान्य केला. उपचार पुरे होईपर्यंतचा खर्च आणि भरपाई, दोन्ही मिळाली.

तीस वर्षं मी लोकांना बोलतं करत होतो, आणि घरातल्या साक्षीदाराला एक प्रश्न विचारायचं सुचलं नाही. तिने ते बघून लक्षात ठेवलं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. हे तिला तेव्हा म्हणालो नाही, म्हणून इथे लिहितो.

पुढच्या संक्रांतीला मी मुद्दाम हिच्याबरोबर खाली गेलो. ही गेल्या वर्षीसारखी वाकू लागली.

“काकू, सरळ उभ्या राहा,” शेजारीण म्हणाली, आणि तिने हात वर नेला.