न्हाव्याने मागे सरकायचा शॉट

"कट! कट! ओमप्रकाश, पीछे हटो यार, पीछे!" कोहलीजी ओरडले आणि मी कॅमेरा खांद्यावरून खाली घेतला.

पुन्हा तेच झालं होतं. हॅट घातलेले दोन मारेकरी काचेचं दार ढकलून आत आले, त्यांनी पिस्तुलं रोखली आणि न्हाव्याने बाजूला व्हायचं सोडून खुर्चीतल्या गिऱ्हाइकावर अंग टाकलं. खुर्चीत तोंडावर गरम टॉवेल घेऊन आमच्या ऑफिसचे अकाउंटंट शर्माजी बसले होते. टॉवेलखालून आवाज आला, "भाई, मरने तो दो मुझे." सगळे हसले. ओमप्रकाश हसला नाही.

हे चाललं होतं चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका लहानशा सलूनमध्ये, पंजाबातल्या ऐन दहशतवादाच्या वर्षांत. मी मूळचा सांगलीचा. बायको तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकवायची, आणि तिच्या नोकरीमागोमाग मी माझा कॅमेरा घेऊन तिकडे गेलो होतो. सासुरवाडीला माझी ओळख 'जावईबापू फोटो काढतात' एवढीच होती. कोहलीजींच्या व्हिडिओ कंपनीत मी कॅमेरामन. लग्नं, कारखान्यांच्या फिल्म्स, ट्रॅक्टरच्या जाहिराती असं आमचं काम. त्यात कुठूनसं परदेशातल्या एका केबल चॅनेलचं काम आलं. अमेरिकेतल्या माफियाचा इतिहास, नाट्यरूपात!

आमच्या वाट्याला त्यातलं रीकन्स्ट्रक्शन होतं. जिथे जुनी फिल्म नाही, फोटो नाही, तिथे घडलेली घटना नटांकडून पुन्हा करून घ्यायची, याला रीकन्स्ट्रक्शन म्हणतात. यात चेहरे दाखवत नाहीत. हॅट, बूट, सिगार धरलेली बोटं, पाठ, सावली, बस्स. आवाजही तिथे घेत नाहीत. वरून निवेदकाचा भारदस्त आवाज येतो आणि गोळ्यांचे आवाज एडिटिंगच्या टेबलावर चिकटवतात. त्यामुळे कोणीही कोणीही होऊ शकतं. शर्माजी आधीच एकदा गोदीत आणि एकदा स्पॅगेटी खाताना मेले होते.

हे काम चंदीगडला का, असं मी विचारलं होतं. "शिकागो जैसा ही है यार," कोहलीजी म्हणाले. "सीधी सड़कें, और ऊपर से ठंड." अर्धं खरं आणि अर्धं स्वस्ताईचं.

पण खरं सांगू? जानेवारीतल्या त्या धुक्यात चंदीगड कुठलंही शहर होऊ शके. सकाळी घराबाहेर पडलं की रस्ता चार पावलांवर संपायचा. सायकलवाला यायचा, धुक्यातच नाहीसा व्हायचा. झाडं नाहीत, सेक्टर नाहीत, आपण नक्की जागे झालोय का, असं वाटायचं. मला ते फार आवडायचं. एक तर सांगलीत असलं धुकं नाही, आणि दुसरं म्हणजे तेवढा वेळ बातम्या विसरता यायच्या. त्या वर्षांत सकाळी पेपर उघडायची भीती वाटे.

सलूनमध्येही तोच पांढरा उजेड भरला होता. समोरासमोर आरसे होते. त्यांत शर्माजींच्या मागे शर्माजी, त्यांच्या मागे आणखी शर्माजी, वाफाळलेला टॉवेल तोंडावर घेऊन दूरवर निजलेले. काहीही न करता कॅमेरा लावून ठेवावा असा तो उजेड. बाहेर खरी बंदूक घेतलेला जवान बसवून ठेवला होता. आमच्या लाकडी पिस्तुलांसाठी पोलिसांची परवानगी काढताना कोहलीजींच्या नाकी नऊ आले होते.

सीन साधा होता. न्यूयॉर्कमधला एक डॉन दाढी करायला बसतो. मारेकरी येतात. निवेदक सांगतो, 'न्हावी मागे सरकला.' मग गोळ्या. निवेदन आणि चित्र जुळलंच पाहिजे, हा क्लायंटचा नियम. टेप संध्याकाळच्या विमानाने दिल्लीला जायची होती आणि धुकं विरलं की तो उजेडही जाणार होता.

आणखी एक टेक झाला. ओमप्रकाश पुन्हा शर्माजींवर ओणवा झाला.

कोहलीजींचा पारा चढला. "किसी और को एप्रन पहना दो."

ओमप्रकाश तेव्हा पहिल्यांदा बोलला. "दुकान मेरी है. कुर्सी मेरी है. मैं ही करूँगा." काम त्याने आपणहून मागितलं होतं. नटाला न्हावी करू नका, वस्तरा धरता येणार नाही, असं म्हणून.

मी चहाचं निमित्त करून त्याला मागच्या दाराने बाहेर नेलं. पन्नाशीचा शांत माणूस. कप दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

"क्या बात है, ओमप्रकाशजी?"

"पता नहीं साहबजी. सोचता हूँ हटूँगा, हटा नहीं जाता."

मग त्याने सांगितलं. गावाकडे त्याचं दुकान होतं. न्हाव्यांना तेव्हा अतिरेक्यांच्या धमक्या येत, केस-दाढी कापणं धर्माविरुद्ध आहे, दुकान बंद करा म्हणून. त्याने बंद केलं नाही, कारण शाळेतले मास्टरजी म्हणाले, मी येत जाईन रोज, बघू कोण काय करतं. आणि ते रोज येऊन बसत. एके दिवशी दोघे स्कूटरवरून आले. त्याला म्हणाले, हट जा.

"मैं हट गया," ओमप्रकाश म्हणाला. "मास्टरजी के मुँह पर साबुन लगा था."

धुक्यात पलीकडच्या कारखान्याचा भोंगा वाजला.

"मुझे लगा, पिक्चर में तो सब झूठ है, हो जाएगा. नहीं हुआ." त्याने कप खाली ठेवला. "आप लोग जो बोलोगे करूँगा. बस, झूठमूठ में तो मत हटाओ, साहबजी."

आता पंचाईत अशी, की न्यूयॉर्कचा न्हावी मागे सरकला होता. घडलेलं ते घडलेलं. ते बदलून दाखवलं तर ती डॉक्युमेंटरी राहत नाही, एवढं मलाही कळत होतं. आणि दुसऱ्या कुणाला एप्रन घालून याच्या डोळ्यांदेखत याच्याच खुर्चीपासून मागे सरकवायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

आत गेलो. कोहलीजींना म्हटलं, "पीओव्ही लेते हैं." पीओव्ही म्हणजे पात्राच्या डोळ्यांनी दिसणारा शॉट. पात्र दिसतच नाही, त्याला जे दिसतं ते दिसतं.

"किसका पीओव्ही?"

"बार्बर का. बार्बर मैं बनूँगा. पीछे कैमरा हटेगा."

कोहलीजींनी घड्याळ पाहिलं, मग ओमप्रकाशकडे पाहिलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण माणूस पंजाबातला होता. "ठीक है," ते हळू म्हणाले. "एक ही टेक."

मी खुर्चीपाशी उभा राहिलो. व्ह्यूफाइंडरमध्ये टॉवेल, वाफ, आरसे. दार उघडलं, त्याबरोबर धुकं आत आलं. त्यातून दोन हॅट तरंगत आल्या, अगदी सावकाश. मी एक पाऊल मागे घेतलं. मग दुसरं. शर्माजी लहान होत गेले, आरशांतले सगळे शर्माजी लहान होत गेले. माझे पाय खरोखर जड झाले होते. तीन पावलं मागे जायला एवढं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

कट झालं. शर्माजींनी टॉवेल काढला. विनोद केला नाही. "इसने मेरा हाथ छोड़ा ही नहीं," एवढंच म्हणाले.

ओमप्रकाश खुर्चीआड खाली बसला होता, फ्रेमच्या बाहेर. म्हणजे मला तसं वाटलं. ऑफिसात टेप लावली तेव्हा दिसलं, की फ्रेमच्या खालच्या कडेला, पांढऱ्या कापडावर, कुणाचा तरी हात येतो आणि शर्माजींचं मनगट घट्ट धरतो. गोळ्यांच्या जागी शर्माजी दचकतात, तरी तो हात हलत नाही.

पुढे क्लायंटचा फोन आला. शॉट फार कलात्मक आहे, पण खाली तो हात कुणाचा? काढता येईल का? कोहलीजींनी माझ्याकडे पाहिलं. काढता येत होता. शॉट थोडा लवकर कापला की झालं असतं.

"नहीं हो सकता," मी म्हटलं. "टेक्निकल प्रॉब्लेम है."

एपिसोड तसाच गेला. आमच्या धंद्याची रीत अशी, की डॉक्युमेंटरीत खोटं काही दिसता कामा नये. म्हणून सांगतो. त्यात हॅट भाड्याच्या होत्या, पिस्तुलं लाकडाची होती, न्यूयॉर्क इंडस्ट्रियल एरियातलं होतं आणि डॉन आमचा अकाउंटंट होता. अख्ख्या एपिसोडमध्ये खरा तेवढा तो हात होता.