बाविसाव्या मजल्यावरच्या चिमण्या

लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत ऐन उन्हाळ्यात पंखा बंद असायचा. भिंतीवर आजोबांचा फोटो जरा पुढे झुकवून टांगलेला होता आणि त्याच्या मागे दरवर्षी चिमणीचं घरटं. पिल्लं उडून जाईपर्यंत आई पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवायची. बाबा गिरणीतून घामाघूम होऊन यायचे, त्या चिकटपट्टीकडे बघायचे आणि मुकाट्याने गॅलरीत चटई टाकायचे. मी कुरकुर केली की आई मालवणीत सांगायची, "घरात बाळंतीण आसा." झालं, विषय संपला! वरणात काडी पडली तरी ती काढून टाकायची आणि जेवायचं.

या चिमण्या कधी गेल्या ते मला सांगता येत नाही, आणि त्याचाच मला संताप येतो. माणूस गेलं तर तिथी लक्षात राहते. यांची कोणी ठेवली? वाण्याने दुकानापुढची पोती काढून सीलबंद पिशव्या ठेवल्या, मागचा पिंपळ पार्किंगसाठी तोडला, त्यावरचे पोपट गेले, सगळं डोळ्यांदेखत झालं. मग एका उन्हाळ्यात आईने बटणाला चिकटपट्टी लावली नाही. आम्ही भर दुपारी पंखा लावून गार झोपलो आणि मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढे बाबा गेले, चाळ पाडली, आणि मला नि आईला बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट, संडास घरात, नळाला चोवीस तास पाणी. शेजारीण म्हणाली, नशीब काढलंत. आई मात्र हॉलमधल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायची. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलेलं, दुसऱ्याने धूसर दिसायचं. धड जेवेना, बोलेना. चौथ्या-पाचव्या दिवशी मला म्हणाली, "खिडकीत मूठभर तांदूळ टाक गो. चिमण्यांक नवा घर कसा कळतला?"

टाकले. ऑफिसला निघायची घाई, त्यात खिडकीत फडफड झाली. दोन कबुतरं, चांगली धष्टपुष्ट. आईने खुर्चीतून विचारलं, "इल्यो काय गो?"

तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आल्या गं आई, दोन आल्यात."

त्या दिवशी तिने एक चपाती जास्त खाल्ली. मग काय, माझी जीभ सैलच सुटली. रोज सकाळी मी तांदूळ टाकायची आणि रोज एक नवी गोष्ट सांगायची. आज नर आलाय, गळ्याखाली काळा. आज एक चोचीत काडी घेऊन आलीये, बघ हं, घरटं करणार. आई हसायची. दुपारी मी नसताना खुर्चीतून उठून केरसुणीने खिडकी झाडून काढायची, तेवढंच तिला काम. लिफ्टमध्ये सोसायटीची सूचना होती की कबुतरांना दाणे घालू नयेत, तब्येतीला अपाय होतो. मी ती जाता-येता वाचायची आणि मनात म्हणायची, लोकांना अक्कल म्हणून नाही. अहो, आणि मी कोण होते?

पावसाळ्यानंतर आईला खोकला लागला. कोरडा, ढास लागली की थांबेचना. आलं झालं, मध झालं, हळद-दूध झालं. पुढे पुढे खुर्चीपासून खिडकीपर्यंत जाताना तिला मध्ये थांबावं लागायला लागलं. परळच्या छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, बराच वेळ उजेडावर धरला आणि पहिलाच प्रश्न केला, "आजी, घराजवळ कबुतरं आहेत का?"

आई ताठ बसली. "नाय हो. आमच्याकडे चिमण्या येतात."

डॉक्टर हसले. "नशीबवान आहात, आमच्याकडे दिसतसुद्धा नाहीत," म्हणाले, आणि दुसरंच काहीतरी लिहायला लागले. मी शेजारी फाइल धरून बसले होते. आईला धरून मी बाहेरसुद्धा आले. तिला बाकावर बसवलं आणि मग पाय उचलेना. पुढचा पेशंट आत गेला होता, तरी मी दार ढकलून आत शिरले आणि सगळं सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लिहिलेला कागद फाडला, नवा घेतला. वाळलेल्या विष्ठेची धूळ, म्हणाले, छातीत जाऊन बसते. खिडकीला आजच जाळी लावा, आईंना झाडू देऊ नका. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण पुढचं थांबवता येईल.

टॅक्सीत मी आईचा हात धरला आणि रडू फुटलं. "आई, त्या चिमण्या नव्हत्या गं. एकदासुद्धा चिमणी आली नाही. कबुतरं होती."

ती खिडकीबाहेर बघत होती. श्वास जमवायला तिला वेळ लागला.

"माका म्हायत आसा," म्हणाली. "दिवसभर घुमतत ती. मी काय बहिरी आसंय?"

"मग डॉक्टरांना खोटं का सांगितलंस?"

आईने माझा हात थोपटला.

"तू बाजूक होतंस ना गो. तुका कशी खोटी पाडू?"