मालिनी मॅडमचा तास

अमेरिकेत, पार्सिपनीला येऊन तीन वर्षं झाली, तरी कुणी विचारलं की मालिनी "मी बॉटनी शिकवते" असं म्हणून जायची आणि मग जीभ चावायची. नागपूरच्या कॉलेजात अकरा वर्षं ती मालिनी मॅडम होती. इथे प्रतापच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर तिला एच-फोर व्हिसा मिळाला होता. त्यावर राहायला परवानगी, पोळ्या लाटायला परवानगी, नोकरी करायला तेवढी नाही. सकाळी घर रिकामं झालं की तिला नुसतं ओरडावंसं वाटायचं.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये मुलाच्या, कुशलच्या शाळेतून चिठ्ठी आली. सातवीच्या वर्गात लॅटिन शब्दांचा दिवस होता. एकेका मुलाने एकेक शब्द घ्यायचा आणि पालकांपैकी कुणाला जमलं तर मदतीला यायचं. कुशलसाठी शब्द मालिनीनेच निवडला, 'सेला'. सेला म्हणजे लहान खोली. शाळेच्या ऑफिसात फोन करून तिने खात्रीही करून घेतली. असं फुकट येऊन शिकवण्याला व्हिसाची काही हरकत नव्हती. चाळीस मिनिटांचा तास!

पंधरा दिवस तिने तयारी केली. रोमन लोक धान्य आणि दारू ठेवायच्या खोलीला सेला म्हणत, देवळात मूर्ती असे त्या खोलीलाही. पुढे मठातल्या साधूची खोली त्याच नावाची झाली, मग तुरुंगातली कोठडी. एकाने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला, त्याला खोल्याच खोल्या दिसल्या, आणि पेशीचंही बारसं त्याच नावाने झालं. मुलखाचे लहान भाग पाडून टॉवर उभे केले, म्हणून खिशातला फोनसुद्धा सेल. शेवटी ती अजिंठ्याबद्दल सांगणार होती. लहानपणी तिचे बाबा तिला तिथे न्यायचे, भिक्खूंच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर आडवे व्हायचे आणि म्हणायचे, "निजायला एवढीशी खोली पुरते, माले. शिकवायला बाहेर केवढा मंडप आहे बघ!"

तिने कांदा घेतला, आयोडीनची बाटली घेतली, काचपट्ट्या घेतल्या, इस्त्रीची सुती साडी नेसली आणि शाळेत गेली.

शिक्षिकेने, मिसेस कॅलाहनने, तिला हसून आत घेतलं, मागच्या टेबलापाशी बसवलं आणि हातात कात्री दिली. रंगीत कागदाचे बाण कापायचे होते, साठ. मालिनीला वाटलं, काहीतरी घोटाळा आहे. तिने पिशवीतला कांदा दाखवला. बाई गोंधळल्या. त्यांनी चिठ्ठीसोबत घरी पाठवलेला, तिच्या नावाने भरून आलेला फॉर्म काढून पुढे ठेवला. 'आपण काय करू शकता?' या रकान्यात प्रतापच्या अक्षरात लिहिलं होतं : कापणं, चिकटवणं, आवराआवर.

मालिनी कापत बसली. फळ्यापाशी बाईंनी सेलाचा अर्थ एका ओळीत सांगितला. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, की मग त्या खोल्यांमध्ये राहायचं कोण? बाई म्हणाल्या, ते घरी शोधून लिहून आणा, आणि कुठून मिळालं तेही खाली लिहा. मालिनी अर्धी उठली होती. कुशलने मागे वळून ओठ हलवले, "मॉम, प्लीज." ती खाली बसली. साठ बाण कापून झाले तेव्हा अंगठ्याला फोड आला होता.

प्रताप घरी आला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली होती.

"कापणं, चिकटवणं? माझ्याबद्दल एवढंच सुचलं तुला?"

"अगं, टीचिंग लिहिलं असतं आणि उद्या कुणी म्हटलं, ही काम करते, तर? ग्रीन कार्डची फाइल आत्ता कुठे पुढे सरकलीये, यार. रिस्क कशाला?"

"मी ऑफिसला विचारलं होतं. चालतं म्हणाले."

"तोंडी म्हणाले. लिहून दिलं का? एकदा कार्ड येऊ दे, मग कर काय करायचं ते."

"केव्हा येईल?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता, हे तिला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. धड भांडताही येईना.

जेवणानंतर कुशल वही घेऊन आला. "मॉम, हू लिव्ह्ड इन देम? जस्ट टू लाइन्स." मालिनीने दोन ओळींवर भागवलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने कांद्याचा पापुद्रा काढला, आयोडीन टाकलं, शाळेतल्यासारखं सूक्ष्मदर्शक नव्हतं म्हणून कुशलच्या खेळण्यातलं भिंग लावलं. फारसं काही दिसलं नाही, पण दाणे, दारू, देव, कैदी, भिक्खू, सगळे तिने उभं राहून सांगितले. कुशलने घड्याळाकडे दोनदा पाहिलं, पण लिहून घेतलं. पानं भरली तीन.

आठवड्याने वही परत आली. वर लाल शाईत ए-प्लस, आणि शाबासकी : सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं! मालिनी हात पुसत पुसत पानं उलटत गेली. आपलीच वाक्यं, इंग्रजीत. शेवटी, कुठून मिळालं त्या ओळीवर, कुशलने लिहिलं होतं : इंटरनेट.

"हे काय रे?"

"बाबा सेड, तुझं नाव कुठल्याच पेपरवर नको." त्याने खांदे उडवले. "अन्टिल द कार्ड कम्स."

त्याच्या खाली पालकाच्या सहीची जागा होती. मालिनीने ड्रॉवरमधून पेन काढलं. पण तिथे प्रतापने आधीच सही केलेली होती.