बांगड्याचा नैवेद्य

खरं सांगते, तेव्हा देवावर माझा रागच होता. आमच्या ह्यांनी जन्मभर धारवाडच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, रविवार केलगेरीच्या तळ्यावर पक्षी बघण्यात घालवले, आणि काचबिंदूनं नेमके त्यांचेच डोळे धरावेत? उरलेली नजर किती टिकेल ते डॉक्टरांनाही सांगता येईना. ह्यांनी एकच मागितलं, "अगं, एकदा समुद्री गरुड बघायचाय." म्हणून कारवारसमोरच्या एका बेटावर निघालो. तिथं नरसिंहाचं देऊळ आहे. म्हटलं, त्यालाच साकडं घालावं.

मी सोवळं नेसलेली, हातात नैवेद्याचा डबा. होडीत शेजारी एक कोळीण जाळं आणि मासळीची पाटी घेऊन बसली. मी पदर आवरला नि फटकन म्हटलं, "अक्का, जरा लांब बसा." ती पाटी उचलून सरकली. होडी तिच्याच नवऱ्याची, हे मला उतरताना कळलं!

पूजा झाली. मग दुपारभर ह्यांनी दुर्बिणीतून आभाळ धुंडाळलं. देवळात आलेले लोक "तो बघा, तो बघा" म्हणत बोट दाखवायचे, पण ह्यांच्या चिमूटभर नजरेत सापडेपर्यंत गरुड पुढं गेलेला असायचा. शेवटी ह्यांनी दुर्बीण खाली ठेवली. "नाही दिसत गं." परतीच्या होडीत बसताना मनात म्हटलं, नरसिंहा, माझं सगळं करून झालं, आता तुझं तू बघ.

होडी थोडी पुढं गेली आणि कोळिणीनं नवऱ्याला थांबायला सांगितलं. जाताना ह्यांनी होडीत गरुडाची चौकशी केली होती, ती तिच्या लक्षात असावी. आम्ही बेटावर असताना त्यांनी धरलेले बांगडे पाटीत होते. तिनं एक पाण्यावर भिरकावला. मग दुसरा. तिसऱ्याला तो उतरला. पांढरंशुभ्र पोट, राखाडी पंख, होडीपासून जेमतेम दहा हातांवर! "नोडी सर, नोडी!" बघा, बघा, म्हणून ती ओरडली. हे नुसत्या डोळ्यांनी बघत होते. "अगं, नखंसुद्धा दिसली!" म्हणाले आणि ढसाढसा रडले.

मी तिचे हात घट्ट धरले. खवले लागले सोवळ्याला, लागू देत. पदरातला देवळाचा प्रसाद मी तिच्या ओंजळीत घातला आणि माफी मागितली. ती हसून म्हणाली, "इरली बिडी, अक्का." असू दे, सोडा. देवानं कुणाच्या हातून द्यावं, हेही मीच ठरवून बसले होते ना!

आता ह्यांना फारसं दिसत नाही. परवा संध्याकाळी सहज म्हणाले, "उरलेली नजर गेली तरी चालेल, माझं बघून झालंय." मला तसं म्हणणं अजून जमत नाही. शिकतेय.