शोभाबाईचा साठचा आकडा

बसवकल्याणात सायकल नीट दुरुस्त करायची असेल तर शोभाबाईकडे न्यावी, आणि घाई असेल तर दुसरीकडे. मी जन्मभर घाईतच आहे, तरी तीस वर्षं तिच्याकडेच जाते. तिनं एकदा केलेलं काम पुन्हा करावं लागत नाही, हे कारण मला पुरतं.

बस स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं पत्र्याचं दुकान. दारात पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, आत छताला टांगलेल्या रिमा आणि साडीवर नवऱ्याचा खाकी शर्ट घातलेली शोभाबाई. नवरा गुंडेराव तासावर सायकली द्यायचा. तो गेला तेव्हा लोकांनी तिला दुकान विकायचा सल्ला दिला. सल्ला देणाऱ्यांच्याच सायकलींचे ब्रेक तिनं पुढे तीसेक वर्षं दुरुस्त केले. आता वय साठ. इंग्रजी येत नाही, मराठी-कानडी दोन्ही वाचते, आणि बाकीचं बोटांनी.

हे बोटांचं मी उगाच लिहीत नाही. कुठलीही रिम हातात आली की आधी ती उजव्या अंगठ्याचं नख आतल्या काठावरून पूर्ण एक फेरा फिरवते. शेतावरची गंजकी असो नाहीतर कॉलेजातल्या पोराची रंगीत असो. मला वाटायचं, सवय असेल. काही लोक बोलताना कान ओढतात, तसं.

तिची भाची संध्या विजापूरला सायकलिंग शिकते. धाकटा भाऊ राजपाल, तो उमरग्याच्या गाडीवर कंडक्टर, त्याची ही मुलगी. अठरा वर्षांची, वजन पन्नास किलो, आणि चढावर भल्याभल्या मुलांना मागे टाकते. गेल्या फेब्रुवारीत कलबुर्गीला विभागाची निवड होती. चौघींना घेणार होते. संध्याची स्वतःची चाकं जुनी आणि जड, मागच्याच्या तीन तारा बदललेल्या. तेव्हा माझा जुना विद्यार्थी प्रशांतकुमार, जो बंगळुरात संगणकासमोर बसतो आणि रविवारी सायकल हाकतो, त्यानं आपली वापरलेली कार्बनची चाकं तिला पाठवून दिली. काळी, रुंद, उचलली तर हातात काही आहे की नाही असं वाटावं. वरचे स्टिकर त्यानं शोभेसाठी खरवडून काढलेले. राजपालनं सोलापूरहून टायर आणले, शर्यतीचे, बारीक, पंचवीस मिलिमीटर रुंदीचे. टायरच्या अंगावर छापलं होतं, एकशे दहा पौंडापर्यंत हवा चालेल. राजपाल हे ‘एकशे दहा’ तीन वेळा मोठ्यांदा वाचून खूश झाला.

बुधवारी सकाळी राजपाल आणि संध्या सगळं घेऊन दुकानात आले. निवड रविवारी. मी माझ्या सायकलची घंटा दुरुस्त करून घ्यायला गेले होते, म्हणून तिथं होते.

शोभाबाईनं चाक मांडीवर घेतलं, नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दुसरं चाक घेतलं आणि तेच. आणि दोन्ही चाकं बाजूला ठेवून दिली.

“हे टायर ह्या रिमवर मी घालणार न्हाई.”

राजपालनं विचारलं, कामून. ती म्हणाली, ह्या रिमला ओठ नाही. आता हे समजून घ्यायला मला दहा मिनिटं लागली, म्हणून वाचकांनाही एक परिच्छेद देते. शर्यतीच्या नेहमीच्या रिमचा काठ आत थोडा वळलेला असतो. टायरच्या कडेची तार किंवा दोरा त्या वळणाखाली अडकतो, म्हणून कितीही हवा भरली तरी टायर निसटत नाही. ते वळण म्हणजे ओठ. ह्या काळ्या चाकांचा काठ मात्र भिंतीसारखा सरळ होता. टायर तिथं धरून राहतो तो फक्त स्वतःच्या घट्टपणावर.

तिला हे कसं कळलं? लग्न होऊन खजुरीहून इथं आली त्या पहिल्याच वर्षी. गुंडेराव जेवायला गेलेला. निंबर्ग्याचा एक दूधवाला दोन किटल्या लावलेली सायकल घेऊन आला आणि म्हणाला, दगडासारखी हवा मार. नवी नवरी, अंगात जोर, तिनं मारली. गल्लीचं टोक गाठायच्या आत पुढचा टायर रिमवरून उडी मारून बाहेर, ट्यूब फुटली, आणि गल्लीभर दूध. गुंडेराव रागावला नाही. त्यानं तिचा अंगठा धरून रिमच्या काठावर फिरवला. आपल्या जुन्या अठ्ठावीस इंची लोखंडी रिमला ओठ नसतो, म्हणाला, हिला बेतानंच हवा. तेव्हापासूनचा तो फेरा. सवय नव्हती तर ती.

पण लोखंडी रिम कुठं आणि विमानाच्या सामानाची ही चाकं कुठं. राजपालचं म्हणणं असं, आणि खरं सांगायचं तर माझंही. मी चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय. टायर जितका टणक तितका रस्त्यावर कमी दबतो आणि तितका वेगात पळतो, हे मी तिला गणितासकट ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझी घंटा बसवत राहिली.

“अक्का, पोरीची निवड हाय,” राजपाल म्हणाला. “तू अडवून बसायलीस.”

हे तिला लागलं. मुलगी पुढं जावी हे तिच्याइतकं कुणाला वाटत नव्हतं. संध्या पहिली सायकल ह्याच गल्लीत शिकली, तिनंच सीट धरली होती. ती उठली. “बघा मग,” म्हणाली. पुढच्या चाकावर ट्यूब घालून तो बारीक टायर चढवला, चाक पोत्यात गुंडाळून घमेल्यापलीकडे ठेवलं, फक्त व्हॉल्व्ह बाहेर. आम्हा तिघांना दाराबाहेर उभं केलं आणि पंप राजपालच्या हातात दिला, नळी लांब होती. पंपाला काटा होता. साठ. सत्तर. काही झालं नाही. मी शोभाबाईकडे जरा विजयानंच पाहिलं. ऐंशी. पंच्याऐंशी. मग पोतं एका बाजूनं हळूच फुगलं, जसा गालात सुपारी धरलेला माणूस, आणि नव्वदच्या आसपास असा आवाज झाला की समोरच्या चहावाल्यानं कपाळावरचा घाम पुसायला घेतलेलं फडकं दुधात टाकलं. पोतं हवेत गेलं. राजपाल पंपासकट बसला.

शोभाबाईनं आधी रिम तपासली. तिला ओरखडासुद्धा नव्हता. मग भावाला हात देऊन उठवलं.

“हे चाळीसच्या स्पीडला उतारावर झालं असतं,” ती म्हणाली. बस, एवढंच. संध्यानं रिमच्या काठावरून स्वतःचा अंगठा फिरवून पाहिला.

मी तिथूनच प्रशांतकुमारला फोन लावला. वर्गात गृहपाठ न आणल्यावर व्हायचा तसा त्याचा आवाज झाला. हो बाई, बिनओठाचीच रिम आहे, सांगायला विसरलो. तिला खास त्याच जातीचा ट्यूबलेस टायर लागतो, टायरच्या कुशीवर ‘हुकलेस’ असं लिहिलेलं हवं, आणि हवा कुठल्याही परिस्थितीत बहात्तर पौंडांच्या वर न्यायची नाही. टायरवर त्याहून कमी आकडा असेल तर तो पाळायचा. रुंदी? रिम आतून किती आहे त्यावर. मी घरी जाऊन माझं व्हर्नियर कॅलिपर आणलं, निवृत्तीला शाळेनं शाल दिली होती, हे मी स्वतः विकत घेतलेलं. आतून तेवीस मिलिमीटर, पुन्हा फोन लावून सांगितलं. मग पंचवीसचा टायर चालणारच नाही, म्हणाला तो, कमीत कमी अठ्ठावीस. माझ्या गणिताबद्दलही त्यानं भीत भीत सांगितलं, की गुळगुळीत धावपट्टीवर ते ठीक, पण आपल्या रस्त्यावर फार टणक टायर उड्या मारतो आणि उड्यांत ताकद वाया जाते. माझाच विद्यार्थी. मी फोन ठेवला.

त्यानं टायर बंगळुरूच्या बसनं पाठवले. शनिवारी सकाळी राजपालनंच स्टँडवर उतरवून घेतले. ट्यूब नाही, आत दुधासारखं पातळ चिकट औषध घालायचं. हातपंपानं टायर काठाला बसेना. शोभाबाई चाकं घेऊन रिक्षात बसली, हायवेच्या नाक्यावर ट्रकांचे टायर काढणाऱ्या प्रभुलिंगकडे गेली आणि त्याच्या कॉम्प्रेसरची एकच दमदार हवा दिली. टक. टक. दोन्ही कडा जागेवर बसल्या. प्रभुलिंगला एवढा बारीक टायर बघून हसू आवरेना. ही काय सायकल, अक्का, ही शेवई.

दुकानात परत आल्यावर तिनं काट्यावर बघून साठ पौंड हवा ठेवली. मग पिवळ्या रंगाची बाटली काढली. गुंडेरावच्या भाड्याच्या सायकलींच्या मडगार्डावर ती नंबर रंगवायची, तोच बारीक ब्रश. दोन्ही रिमांवर व्हॉल्व्हशेजारी तिनं ‘साठ’चा आकडा घातला, वर मराठीत आणि खाली कानडीत. मी विचारलं, दोन भाषांत का. म्हणाली, तिथं कोण पंप घेऊन येईल सांगता येतंय व्हय.

पंप घेऊन आला तो राजपाल.

रविवारी शोभाबाई दुकान सोडून आली नाही, रविवारी गर्दी. मी गेले. कलबुर्गीबाहेरच्या रस्त्यावर तीस किलोमीटर, मधला एक पट्टा खडीचा उखडलेला. एकवीस मुली. सगळ्यांचे आईबाप आपापल्या मुलीचा टायर अंगठ्यानं दाबून बघत होते आणि शेजारच्या मुलीचाही. राजपालनंही दाबले. दुसऱ्यांचे दगड, संध्याचा मऊ. मीही दाबला, लपवत नाही. मलाही वाटलं, फार मऊ आहे. संध्या पाठीवर नंबर लावून घ्यायला गेली तेवढ्यात त्यानं पंप जोडला. मी अरे अरे म्हणेपर्यंत पुढच्या चाकात ऐंशी झाली होती.

संध्या परत आली. तिनं काटा पाहिला, बापाकडे पाहिलं, आणि वाकून नखानं व्हॉल्व्ह दाबून धरला. हवा सगळ्यांसमोर फुसफुसत बाहेर जात राहिली. शेजारची एक बाई कानडीत काहीतरी बोलली आणि तीनचार जण हसले.

“अप्पा, आकडा आत्यानं घातलाय,” संध्या म्हणाली. “तेवढीच राहील.”

राजपाल पंप उचलून गाडीकडे गेला आणि शर्यत सुरू होईपर्यंत तिकडंच तोंड करून उभा राहिला.

उखडलेला पट्टा तेविसाव्या किलोमीटरला होता. मी तिथंच झाडाखाली उभी होते, माझ्या वयाला शेवटच्या रेषेची गर्दी सोसत नाही. मुलींच्या सायकली खडीवर तव्यावरच्या मोहरीसारख्या उडायला लागल्या. दोघी पंक्चर होऊन उतरल्या. संध्याचं चाक मात्र रस्त्याला चिकटून चाललं होतं. पट्ट्यात शिरली तेव्हा सातवी होती, बाहेर पडली तेव्हा चौथी. शेवटच्या चढावर आणखी एक मागे गेली. तिसरी आली. चौघींत निवड झाली.

संध्याकाळी पाचला आम्ही दुकानात. शोभाबाई एका मालवाहू सायकलचा एक्सल बसवत होती. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली, तर हात वर करून मला गप्प केलं. पुढचं चाक उचललं, डोळ्यांसमोर फिरवलं, नख काठावरून पूर्ण एक फेरा. मग मागचं. मला इतका राग आला की मी माझ्या सायकलची घंटा वाजवली, जी तिनंच बसवली होती.

“बोला आता,” ती म्हणाली.

तिसरी, म्हणून सांगितलं. तिनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि तिथं ग्रीस लागलं, ते कुणी दाखवलं नाही. मग संध्याला विचारलं, पुढच्या दोघींच्या रिमांना ओठ हाय का, बघितलंस का. संध्या म्हणाली, न्हाई बघितलं आत्या, पुढच्या वेळी त्या मागं असतील तेव्हा बघते.

राजपाल एवढा वेळ बाहेरच उभा होता. मग तो आपली ड्यूटीवर जायची जुनी अठ्ठावीस इंची सायकल ढकलत आत आला.

“अक्का,” म्हणाला, “हिच्यावर बी एक आकडा घाल.”

तिनं आधी नख फिरवलं.