वैशाखात पाणी नको

"निजलाय तो. निजू दे."

असं म्हणून ती रोपाच्या खोडाला उलटा हात लावायची, ताप आहे का ते पाहायला आपण मुलाच्या गळ्याला लावतो तसा. मग हंडा कमरेवर सावरून न्हाणीघराकडे चालू लागायची. आमच्या प्रसूतिगृहात पाणी भरणारी ही बाई तुमच्यापैकी कोणी पाहिली असेल, तर हंडा आठवेल, चेहरा आठवणार नाही. ती गेली त्यालाही आता बरेच पावसाळे झाले. मी तिथे परिचारिका होते. ती कामाला चोख होती, बोलणं कमी, आणि माझं तेवढ्यावर भागत होतं.

रोप माझ्या खोलीच्या खिडकीत असे. तिच्या घराचं छप्पर गळकं, शिवाय शेजारणीची बकरी दिसेल त्याला तोंड लावणारी, म्हणून एके दिवशी कुंडी घेऊन आली आणि म्हणाली, "बाय, हितं ठेवू? जागा खाईल, खाणं खानार नाय."

ते आपल्याकडचं झाड नव्हे. बोटभर जाडीचं, मांसल खोड, त्यावर गुबगुबीत पानं. तिच्या मुलाने आणलं होतं. तो आगबोटीवर खलाशी होता आणि आफ्रिकेच्या पार खालच्या टोकापर्यंत जाऊन आला होता. पुढच्या फेरीला गेला तो मोठ्या लढाईच्या दिवसांत. बोट बुडाली, असं मुंबईहून आलेला गावचाच एक खलाशी सांगून गेला. कोणी विषय काढला की ती ऐकून घेई आणि म्हणे, "त्यानं काय बघितलान?"

रोपाची तऱ्हा उलटी होती. फाल्गुन सरला की पानं पिवळी पडून गळायची, खोडाला कोपरासारख्या सुरकुत्या पडायच्या. तिथून पाणी बंद. पावसाळ्यात कुंडी खिडकीपासून आत ओढायची, वाऱ्याबरोबर शिंतोडे येतात म्हणून. हवेतला ओलावा त्याला पुरे. उलट खोडावर बुरशी धरू नये म्हणून ती कोरड्या फडक्याने पुसून काढी. दसरा झाला की अर्धी करवंटी पाणी. माती बोटभर खोलपर्यंत सुकल्याशिवाय दुसरं नाही. थंडीत पानं फुटायची, तेव्हा मात्र ते मागेल तसं द्यायचं.

"असं का गं?" मी एकदा विचारलं.

"त्याच्या गावाला पाऊस थंडीचा पडतो म्हणे. पोरगा सांगून गेलाय. हितं येऊन पण आपल्याच गावचं धरून बसलाय मेला."

वैशाखात आमची विहीर तळाला जायची आणि ती जांभ्याची चढण चढून खालच्या वाडीतून पाणी आणायची. बाळंतिणी, दाया, स्वयंपाकीण, सगळ्यांची तिच्या नावाने हाक. अशा वेळी ती खिडकीशी क्षणभर टेकायची. "सगळी पानी पानी करतात. ह्यो एकलाच म्हणतो, नको. शाणा माझा."

एका वर्षी देवरुखाकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली. बाळंतपण अडलं होतं, दोघं वाचली. म्हातारी वैशाखात तुळशीवर गळती लावायचा नवस बोलली होती. आमच्या अंगणात तुळस नव्हती. तिला माझ्या खिडकीत हे निष्पर्ण, सुकलेलं खोड दिसलं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. तळाला भोक पाडलेलं मडकं, भोकात दर्भाची काडी, आणि खाली कुंडी. थेंब थेंब, अखंड. मी दोन अवघड केसांत अडकलेली, खोलीकडे फिरकले नव्हते. पाणी भरणारी भाचीच्या लग्नाला गेली होती.

ती परत आली तेव्हा म्हातारी कौतुकाने सांगू लागली, "किती तहानेलेलं होतं गो! एक पान नव्हतं अंगावर. मी पाजलं हो पोटभर."

तिने खोडाला हात लावला. बोट आत गेलं. कुजक्या बटाट्यासारखा वास आला.

मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. ती म्हातारीकडे वळून म्हणाली, "बरं केलात, आजी. नातू कसा हाय?" आणि मग माझ्याजवळ सुरी मागितली.

मी सुरी उकळून दिली, सवयच ती. तिने सडलेलं सगळं कापून टाकलं. शेंड्याकडचा एक तुकडा टणक राहिला. कापल्या जागी राख चोळून तिने तो सुक्या वाळूत उभा केला. मूळ नाही, पान नाही. जिवंत की मेलेला, हे पाणी घातल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पाणी घालायला दसरा उजाडायला हवा होता.

दसरा उजाडला. तिने पाणी घातलं नाही. दिवाळी झाली, तरी नाही.

त्याच सुमारास तिचा दीर अंगणात येऊन बसू लागला. समुद्रावर गेलेल्या माणसाचा पत्ता लागला नाही, तर बारा वर्षं वाट पाहतात आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. ती मुदत सरली होती.

"वैनी, आता ऐका. पोराचं करून टाकूया. पाण्यावाचून तळमळत असंल तिकडं."

"मेलेल्याला देतात पानी. तुमी बघून आलात काय त्याला?"

"तुमी सगळ्या रत्नागिरीला पानी पाजता, आन् पोटच्या पोराला—"

"जावा तुमी. माझा हंडा भरायचाय."

मला अर्धवट कामं आवडत नाहीत. त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "त्या तुकड्याला पाणी घाल बघू. मेला असला तर कळेल तरी."

तिने कुंडीकडे पाहिलंही नाही. "कळून काय करू, बाय?"

मी विषय सोडला.

थंडी चांगली पडल्यावर एका सकाळी वाळू ओली दिसली. रोज हंडे ओतून झाले की ती खिडकीशी येई, पाही, जाई. मग एक दिवस खोडाच्या टोकाला तिळाएवढा हिरवा ठिपका आला. स्वयंपाकीण धावत येऊन म्हणाली, "बघ गो, जगला! तुझा पोरगा पण येईल बघ!"

मी मनातून चरकले. आता ही आणखी बारा वर्षं वाट पाहत बसणार, असं मला वाटलं.

ती त्या ठिपक्याजवळ वाकली. मग पदराने तोंड पुसलं.

"तहानेला होता, बाय. मी आपली निजलाय निजलाय म्हणत बसले. तोपण तिकडं तहानेला असला तर?"

दुसऱ्या दिवशी तिने दिराला बोलावून घेतलं. "अवसेला करा," एवढंच म्हणाली.

अशा कामाला बायका जात नाहीत. ती गेली, म्हणून मीही गेले. मांडवीच्या किनाऱ्यावर वाळूत पुरुषमंडळींपासून दूर आम्ही दोघी उभ्या होतो. दर्भाचा पुतळा तो केवढा. चटकन जळून गेला. दिराने अंघोळ केली, आणि भटजी सांगतील तशी कलशातून तिळाच्या पाण्याची ओंजळ सोडली. एक, दोन, तीन. भटजींनी पळी-पंचपात्र आवरायला घेतलं.

ती तिथूनच ओरडली, "भावजी, आनखी द्या."

दिराने भटजींकडे पाहिलं. भटजी माझ्याकडे पाहू लागले, जणू मी काही सांगणार होते.

दीर पुन्हा कलशाकडे वाकला.